डोळा मारणारा हेडलाईट आणि नखाएवढा बुश



मागच्या महिन्यात धुळ्याच्या बॅचला चहाच्या सुट्टीत देवपूरचा एक पोरगा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. "सर, एक मिनिट, हे बघा." रील होतं. लाल रंगाची छोटी दोन सीटची गाडी, बॉनेट एकदम सपाट, हेडलाईट कुठेच दिसत नाही. मग बॉनेटमधून दोन झाकणं वर आली आणि आत गोल दिवे. त्यातलं एक खाली गेलं, परत वर आलं. गाडीनं चक्क डोळा मारला!

"सर, मला धुळ्यात हेच टाकायचंय. पॉप-अप हेडलाईट कस्टमाइझ करून द्यायचं दुकान. आपल्याकडे कोणीच करत नाही. बारा लाखांचं लोन बघून ठेवलंय, मामा जामीन राहणार आहेत."

"कोणीच करत नाही." हे वाक्य मी प्रत्येक बॅचला ऐकतो. आणि दर वेळी माझा एकच प्रश्न असतो: कोणी करत नाही म्हणजे संधी आहे, की गिऱ्हाईकच नाही?

त्याला मी तिथं अर्धवट उत्तर दिलं, कारण पुढचं सेशन सुरू व्हायचं होतं. पूर्ण उत्तर आज इथे लिहितोय. मागच्या व्हिडिओत या विषयावर दोन मिनिटं बोललो होतो, पण हा विषय दोन मिनिटांचा नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या पोराची नजर चांगली आहे, फक्त तो चुकीच्या भागाकडे बघतोय. पैसा वर येणाऱ्या झाकणात नाही. पैसा झाकणाच्या खाली मोटरीत झिजलेल्या नखाएवढ्या बुशात आहे. आणि तो बुश जळगाव-धुळ्यात पण झिजतोय.

आधी ही चीज काय आहे ते समजून घ्या

ज्या वस्तूवर धंदा करायचा तिचा इतिहास माहीत पाहिजे. गिऱ्हाईकाला रीलपेक्षा एक गोष्ट जास्त सांगता आली तरच तो तुमच्याकडे येईल.

लपणारे हेडलाईट असलेली पहिली गाडी अमेरिकेत १९३६ मध्ये आली, कॉर्ड ८१०. तिचे दिवे बाहेर काढायला डॅशबोर्डवर दोन बाजूंना दोन हँडल होते, हाताने फिरवायचे. १९६२ च्या लोटस इलानमध्ये इंजिनच्या व्हॅक्यूमवर दिवे वर यायचे. मग इलेक्ट्रिक मोटरी आल्या आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपान, युरोप, अमेरिका सगळीकडे स्पोर्ट्स कारला हेच डोळे लागले. रीलमधली ती लाल गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, पहिली पिढी. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. १९८९ मध्ये आली, १९९७ पर्यंत बनली, चार लाखांच्या वर गाड्या निघाल्या.

हे दिवे लपवायचे कशाला? फक्त स्टाईल म्हणून नाही. अमेरिकेत १९४० पासून कित्येक वर्षं ठराविक मापाचे सीलबंद दिवेच लावायचा नियम होता, आणि ते जमिनीपासून ठराविक उंचीवर पाहिजेत असाही नियम होता. स्पोर्ट्स कारचं नाक तर जमिनीला टेकलेलं. मग करायचं काय? दिवसा नाक खाली, रात्री दिवे वर. म्हणजे ही स्टाईल नियम पाळता पाळता जन्माला आली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००४ नंतर मोठ्या कंपन्यांनी असे दिवे बनवणं सोडलं. शेवटच्या दोन म्हणजे शेवरले कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रिट. दिव्यांचे आकार हवे तसे करता यायला लागले, पायी चालणाऱ्याला गाडी धडकली तर वर आलेला कडक भाग जास्त इजा करतो हा विचार आला, आणि मोटर, लिंक, वायरिंग हा सगळा जादा खर्च होताच.

आता आपल्याकडचं बघा. माझदाची ही कार इथे कंपनीने कधी विकलीच नाही. आपल्याला माझदा माहीत आहे ती स्वराज माझदा, म्हणजे शाळेची बस नाहीतर माल वाहणारा टेम्पो! एमएच-१८ आणि एमएच-१९ नंबरच्या पॉप-अप लाईटवाल्या गाड्या मोजायला बसलात तर हाताची बोटं उरतील. बीबीएला आम्ही 'मार्केट सेगमेंट' पाठ केलं होतं. इथे सेगमेंटच नाही. बारा लाखांच्या लोनचा विषय माझ्यासाठी तिथंच संपला.

मग जगात यावर पैसे कोण कमावतंय?

तरी पण विषय सोडू नका, कारण खरा धडा इथून सुरू होतो.

या जुन्या गाड्यांवर तीन प्रकारची कामं चालतात. पहिलं म्हणजे ते डोळा मारणं. दोन्ही मोटरी वेगवेगळ्या चालवणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवतात. दुसरं 'स्लीपी आय', म्हणजे झाकण अर्धंच उघडं ठेवायचं, गाडी झोपेतून उठल्यासारखी दिसते. फोटोला छान. पण दिवा झाकणाबरोबर फिरतो, त्यामुळे अर्ध्यावर असताना पेटवला तर उजेड नाकासमोर रस्त्यावरच पडतो, लांबचं दिसत नाही.

तिसऱ्या कामाचं रील कोणी बनवत नाही. कॉर्व्हेट आणि पॉन्टिॲक फिएरो या गाड्यांच्या हेडलाईट मोटरीत गिअरच्या आत प्लास्टिकचे बारके बुश असतात. वयानं त्यांचा भुगा होतो. मग काय होतं? बटण दाबलं की मोटर घर्र घर्र फिरते, दिवा मात्र वर येत नाही. मालकाला वाटतं मोटर गेली. मोटर ठणठणीत असते, गेलेला असतो नखाएवढा तुकडा. हे बुश टिकाऊ प्लास्टिकमध्ये नव्याने बनवून, पाकिटात घालून, सोबत बसवायची पद्धत छापून विकणारे छोटे धंदे आहेत. मियाटाच्या लिंकचे बुश झिजले की दिवा थरथरतो, त्याचे पण नवे मिळतात.

आता विचार करा. डोळा मारणं ही हौस आहे. आज वाटली, उद्या विसरला. पण ज्याचा दिवा वर येत नाही त्याला रात्री गाडी काढता येत नाही. तो आज रात्रीच बुश शोधणार. हौसेचं गिऱ्हाईक भाव करतं, अडलेलं गिऱ्हाईक 'कधी मिळेल' एवढंच विचारतं.

आणि खुद्द कंपनीने काय केलं बघा. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये जाहीर केलं की पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ आम्ही स्वतः परत पहिल्यासारख्या करून देऊ. त्यासाठी कापडी छत, लाकडी स्टिअरिंग, जुन्या नक्षीचे टायर असे बंद पडलेले पार्ट परत बनवायला घेतले. तीस वर्षं जुन्या गाडीला कंपनीने नवीन डोळे नाही लावले, जुनेच जपले. बाजार कुठे आहे ते कंपनीला कळलं होतं.

अजून एक गोष्ट मला या डिझाइनची फार आवडते. मियाटाच्या प्रत्येक हेडलाईट मोटरीवर एक फिरवायची गुंडी दिलेली आहे. मोटर बंद पडली तर हाताने फिरवून दिवा वर आणता येतो. उलट लोटस इलानच्या सुरुवातीच्या गाड्यांत व्हॅक्यूम गळलं की चालू दिवे हळूहळू खाली बसायचे, तेही रात्री, चालत्या गाडीत! पुढच्या काही गाड्यांत त्यांना रचना उलटी करावी लागली, की काही बिघडलं तर दिवा वर यावा. बिघडणार तर नक्कीच, मग बिघडल्यावर माणूस वाचला पाहिजे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कसं शिकलो ते सांगतो.

माझ्या दुकानातली एक गोष्ट

हे मी कॅमेऱ्यावर कधी बोललो नाही. लिहायला जरा सोपं जातंय.

जळगावला ॲक्सेसरीजचं दुकान टाकून दुसरं वर्ष होतं. सीट कव्हर, मॅट, हॉर्न, लाईट. लाईटमध्ये मार्जिन सगळ्यात भारी. एरंडोलकडचा एक पिकअपवाला आला, केळीचा माल भरून रात्रीचा जायचा. म्हणाला, "भाऊ, रातले दिन दिसाले जोयजे!"

मी त्याला शंभर-नव्वदचे बल्ब दिले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या एच-फोर बल्बवर ६०/५५ वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे हाय बीमला साठ आणि लो बीमला पंचावन्न. कंपनीची वायर, स्विच, होल्डर सगळं त्या हिशेबाने दिलेलं असतं. बारा व्होल्टवर साठचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर. शंभरचे दोन म्हणजे साडेसोळाच्या वर. तुम्ही म्हणाल, दीडपटच तर झालं. पण वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. दीडपटीच्या थोड्या वर गेलेला करंट पावणेतीन पट गरमी करतो. त्यासाठी वेगळी जाड वायर आणि रिले टाकावा लागतो. मला हे माहीत होतं. मी त्याला म्हटलं पण, "रिले टाकून घे, पाच-सहाशे जास्त लागतील." तो म्हणाला राहू द्या. मी म्हटलं ठीक आहे. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून.

वीस-बावीस दिवसांनी पारोळ्याच्या अलीकडे रात्री होल्डर वितळला. दोन्ही दिवे एकदम गेले. पुढे ट्रॉली होती, मागे रिफ्लेक्टर नाही. त्याने ब्रेक मारला, तरी धडकला. जीव वाचला, पाय मोडला. तीन महिने गाडी उभी, हप्ते चालू.

मी दवाखान्यात गेलो. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, मी ड्रायव्हर. मला गाडी चालवता येते, लाईटचं काय कळतं? तुम्हाला माहीत होतं ना?"

मित्रांनो, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. मला माहीत होतं. त्याच्या दोन महिन्यांच्या हप्त्यांना हातभार लावला, पण त्याने ते माहीत असणं पुसलं जात नाही. गिऱ्हाईक 'राहू द्या' म्हणाला की आपली जबाबदारी संपते असं मला वाटायचं. ती तिथून सुरू होते. गिऱ्हाईक आपल्याकडे वस्तूसाठी येतो, आणि त्याला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असावं यासाठी पण येतो.

तेव्हापासून दुकानात नियम आहे: वायरिंग न बदलता जास्त वॅटचा बल्ब नाही. आणि नंतर कळलं की वायरिंग बदलली तरी अडचण आहेच, कारण समोरच्याचे डोळे.

कायदा: कंटाळवाणा वाटला तरी वाचा

हा भाग बरेच जण सोडून देतात आणि नंतर फोन करतात, "सर, आरटीओवाल्यांनी पकडलं."

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ जशी दिली त्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि कलम १८२-अ आलं. नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि दुकानदारांनो, हे तुमच्यासाठी: सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला पार्ट नियमात बसत नसताना विकला, तर एका पार्टमागे एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतं, कैद वेगळी. 'मी फक्त विकलं, लावलं त्याने' हे चालत नाही.

दिव्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १०६ आहे. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा: दिव्याचा झोत कायम खालच्या बाजूला वळलेला पाहिजे. गाडीसमोर आठ मीटरवर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरले, तर ते दिपता कामा नयेत.

आठ मीटर, दीड मीटर. दुकानासमोर भिंत असेल तर खडूने एक रेघ मारा, झाली तुमची टेस्टिंग लॅब. फुकटात!

आता ते पांढरेफेक एलईडी बल्ब घ्या, जे जुन्या हेडलाईटमध्ये नुसते अडकवून देतात. ते का टोचतात? जुन्या दिव्याचा आरसा तारेच्या बल्बसाठी बनवलेला असतो. तार नेमक्या जागी असते म्हणून उजेड नेमक्या जागी पडतो. एलईडीचा उजेड निघतो त्या जागेत मिलिमीटरचा जरी फरक पडला तरी झोत फुटतो आणि वर जातो. आपल्याला वाटतं उजेड वाढला. खरं म्हणजे रस्त्यावरचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात गेलेला असतो. पारोळा-एरंडोल पट्ट्यात रात्री गाडी चालवून बघा, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. आणि तो समोरचा पण कोणाच्या तरी दुकानातून लाईट लावून आलाय.

मघाशी म्हटलं होतं ना, पॉप-अप हेडलाईट नियम पाळता पाळता जन्माला आले. डिझाइनरने नियम मोडला नाही. नियमाच्या आत राहून अशी चीज काढली की आज इतक्या वर्षांनी देवपूरचा पोरगा तिच्यासाठी लोन काढायला तयार आहे. 'नियमामुळे धंदा होत नाही' म्हणणाऱ्यांनी हे जरा मनात घोळवावं.

खान्देशातला पॉप-अप कुठे आहे?

आता कामाची गोष्ट. त्या लाल मियाटाच्या झाकणाखाली जो गोल दिवा आहे ना, त्याचं माप सात इंच. बरोबर, तेच सात इंच जे आपल्या जुन्या महिंद्रा जीपला, थारला, ॲम्बेसेडरला आणि बुलेटला असतं. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपचं काम आपल्या देशात सुरू केलं, तेव्हापासून हा गोल डोळा आपल्या रस्त्यावर आहे. काळी-पिवळी जीपमध्ये पाय बाहेर काढून बसलेल्या कोणालाही तो माहीत आहे.

म्हणजे तुमचं मार्केट रीलमध्ये नाही, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, साक्रीच्या गॅरेजसमोर उभं आहे. तिथे काय झिजलंय ते बघा.

होल्डर आणि अर्थिंग. जुन्या जीपचा किंवा बुलेटचा लाईट मंद असतो तेव्हा दहापैकी बऱ्याच वेळा बल्बचा दोष नसतो. गंजलेलं अर्थिंग, जळका होल्डर, आणि स्विचपर्यंत जाऊन परत येणारी लांब बारीक वायर. बल्ब तोच ६०/५५ ठेवून रिलेचं नीट वायरिंग केलं आणि आरसा काळा पडलेला बदलला, तर गिऱ्हाईक म्हणतो, 'बल्ब कोणता टाकला भाऊ?' काहीच टाकला नाही, आधी होता तो उजेड परत दिला.

पिवळे पडलेले हेडलाईट. नवीन गाड्यांचे प्लास्टिकचे काचेसारखे दिवे उन्हाने पिवळे आणि धुरकट होतात. आणि ऊन आपल्याकडे कसं आहे ते भुसावळकरांना सांगायला नको, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर! ओल्या पॉलिश पेपरने टप्प्याटप्प्याने घासायचं, आठशे-हजारपासून तीन हजारपर्यंत, मग कंपाउंड, आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा क्लिअर कोट. हा शेवटचा कोट बरेच जण खातात. मग चार महिन्यांत दिवा परत पिवळा आणि गिऱ्हाईक परत येतो, पण भांडायला.

बुश आणि क्लिप. हेडलाईट बसवायचे प्लास्टिकचे कान, ॲडजस्ट करायचे स्क्रू, वायपरच्या लिंकचे बुश, काच वर-खाली करायच्या मशीनचे गुटके. एक तुकडा तुटला की गिऱ्हाईकाला पूर्ण सेट घ्यायला सांगतात. जळगाव एमआयडीसी प्लास्टिकच्या चटया आणि पाइपसाठी देशभर प्रसिद्ध आहे. ज्या गावाला प्लास्टिक एवढं समजतं, जिथे लेथवाला चहा पिता पिता नायलॉनचा बुश काढून देतो, तिथल्या पोराने त्याच गावात बसून बाहेरून बुश मागवायचा? एका मॉडेलचा, एकच झिजणारा तुकडा पकडा. त्याचं माप घ्या. पाच काढा, स्वतः बसवून सहा महिने बघा. टिकला तर पन्नास काढा. फक्त एक लक्षात ठेवा: ब्रेक आणि स्टिअरिंगचा कुठलाही तुकडा घरी बनवायचा नाही. तिथे प्रयोग नाही.

"पण सर, हौसेला मोल नसतं!"

हा मुद्दा त्या पोराने मांडला होता आणि तो खोटा नाही. बुलेटवाला गॉगलला दोन हजार देतो, थारवाल्याला सांगायलाच नको. हौसेचं गिऱ्हाईक आहे आणि त्याला नाकारायचं पण नाही. माझ्या दुकानात पण हौसेचा माल आहे.

पण हौस दोन प्रकारची असते. एक हौस दिसण्याची, एक हौस जपण्याची. दिसण्याच्या हौसेचं फॅशन बदललं की स्टॉक अंगावर पडतो. माझ्या माळ्यावर रंग बदलणाऱ्या लाईटच्या पट्ट्यांचे दोन खोके आजही आहेत, कोणाला पाहिजे असतील तर सांगा! जपण्याची हौस मात्र वर्षानुवर्षं चालते. आजोबांची जीप, वडिलांची पहिली बुलेट. हा माणूस भाव करत नाही, पण काम बारीक बघतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळ्या नोंदणीचे नियम काढले, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात. अट काय? गाडी मूळ रूपात पाहिजे. म्हणजे जुन्या जीपला फॅन्सी दिवे लावून देणारा तिची किंमत कमी करतो, आणि मूळ गोल दिवा शोधून, पॉलिश करून, नीट वायरिंग करून देणारा ती वाढवतो. तुम्ही यातले कोण होणार?

हिशेब कसा मांडायचा

आकडे फक्त उदाहरणासाठी घेतोय, तुमच्या गावचे आकडे तुम्ही टाका.

समजा हेडलाईट पॉलिश आणि वायरिंग तपासणीचं काम तुम्ही ७०० रुपयांत देता. माल, कोट, कपडा मिळून २०० गेले. हातात ५०० उरले. दिवसाला दोन गाड्या, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे २५,००० रुपये. त्यातून भाडं, वीज, पेट्रोल काढा. फार मोठं नाही, मान्य. पण सुरुवातीला लागलं काय? पॉलिश मशीन, मल्टिमीटर, चांगला क्रिम्पिंग प्लायर, थोडा माल. समजा तीस-चाळीस हजार.

आता बारा लाखांचं लोन घ्या. पाच वर्षांचं, बारा टक्के धरलं तर हप्ता साडेसव्वीस हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून रोज हजार रुपये बँकेचे, गिऱ्हाईक आलं न आलं. असा हप्ता डोक्यावर असलेला दुकानदार 'रिले राहू द्या' म्हणणाऱ्याला नाही म्हणू शकत नाही. माझ्यावर तर तेव्हा एवढा हप्ता पण नव्हता, तरी मी नाही म्हणालो नाही. म्हणून म्हणतो, लोन कमी ठेवणं हा फक्त पैशाचा सल्ला नाही. नाही म्हणायची ताकद शाबूत ठेवायचा तो एकमेव मार्ग आहे.

त्या पोराचं पुढे काय?

मी त्याला एक काम दिलं होतं, तेच तुम्हाला देतो. वही घ्या. सात दिवस, रोज एक तास, आपल्या गावच्या वेगवेगळ्या गॅरेजवर उभं राहा. तीनच गोष्टी लिहा: कोणती गाडी आली, कोणता छोटा तुकडा गेला होता, आणि तो मिळायला किती वेळ लागला. बाकी काही नको.

परवा त्याचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता. "सर, वही भरली. डोळा मारायचं एक पण काम नाही आलं."

"मग काय आलं?"

"सर, एका जीपवाल्याला हेडलाईटच्या रिंगचा स्क्रू मिळेना, तीन दिवस फिरत होता. आणि एका गाडीच्या काचेचा गुटका चार जणांना लागला. चारही जणांना पूर्ण मशीन घ्यायला लावलं."

मी विचारलं, "चार जण? एकाच मॉडेलचे?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "सर, मी लेथवाल्याकडे जाऊन येतो."

लोनची फाईल त्याने अजून फाडली नाही, बाजूला ठेवली आहे. मामांना सध्या झोप लागत असावी!

तुमच्या वहीत काय निघालं ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत आठ मीटरवरची खडूची रेघ मारून हेडलाईट कसा सेट करायचा ते दुकानासमोर प्रत्यक्ष करून दाखवतो. तोपर्यंत रात्री समोरून गाडी आली की डिप्पर द्या, आणि दुकानात कोणी 'राहू द्या' म्हटलं तर एकदा थांबून विचार करा.